पेटीतली एक चिठ्ठी आणि मांजराचे पिल्लू



चर्चच्या दाराशी जी प्रार्थनेची लाकडी पेटी आहे, तिच्यात जनावरासाठी चिठ्ठी टाकावी की नाही, यावर गेल्या महिन्यात आपल्या प्रांगणात बरीच चर्चा झाली. काहींनी आम्हाला सरळ विचारले, "तुम्ही ती वाचलीत कशाला?" बुधवारच्या जपमाळेला चिठ्ठ्या वाचायचे काम आमच्याकडे आहे, तेव्हा उत्तरही आम्हीच द्यायला हवे.

चिठ्ठी पेन्सिलने लिहिलेली होती. मांजराचे पिल्लू आजारी आहे, दूध पीत नाही, त्याच्यासाठी प्रार्थना करा, इतकेच. नोकरी, कर्ज, दारू, ऑपरेशन, मुलीचे लग्न या विषयांच्या रांगेत ती आली आणि दोन-तीन बाकांवर हसू फुटले. वाईट मनाने कोणी हसले नाही. पण सहावीत शिकणारी एक मुलगी आईच्या पदराआड सरकली, आणि चिठ्ठी कोणाची ते सगळ्यांना कळले.

आमचे मत स्पष्ट आहे. ती चिठ्ठी वाचण्याजोगीच होती. आणि वाचून झाल्यावर "आमेन" म्हणून उठून जाणे पुरेसे नव्हते.

मुलीची आई रात्रपाळीची नर्स, घरी म्हातारे आजोबा. म्हणून ते पिल्लू त्याच रात्री आमच्या घरी आले. भाटी दोन दिवसांपूर्वी रस्त्यावर गाडीखाली सापडली होती. पिल्लाचे डोळे नुकते उघडलेले, म्हणजे वय दहा-बारा दिवसांचे असावे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन भरले १४० ग्रॅम. या वयाला ते दोनशेच्या आसपास हवे. बेळगावचा जुलै तुम्हाला ठाऊक आहे. आठवडाभर ऊन नाही, भिंतींनाही ओल. पिल्लाच्या तोंडात करंगळी घातली तर आतून थंडगार लागत होते.

इथे आम्हाला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण आपल्याकडे अशी पिल्ले निष्काळजीपणापेक्षा मायेनेच जास्त मरतात. गारठलेले पिल्लू दिसले की घरातली प्रत्येक बाई पहिल्यांदा वाटीत दूध घेऊन येते. मन चांगले असते, पण क्रम चुकतो. शरीर थंड असताना पिल्लाचे आतडे चालत नाही. पाजलेले दूध पोटात तसेच पडून राहते, किंवा गिळता न आल्याने फुप्फुसात जाते. म्हणून आधी ऊब आणि मगच दूध. पुठ्ठ्याचे खोके, त्यात जुनी ओढणी, एका बाजूला गरम पाण्याची बाटली, आणि बाटलीला टॉवेल गुंडाळलेला, नाहीतर कातडी भाजते. खोक्याची दुसरी बाजू मोकळी ठेवायची, म्हणजे फार गरम झाले तर पिल्लाला सरकता येईल. घाई करायची नाही. आमच्या पिल्लाला ऊब यायला तासाहून जास्त वेळ लागला. त्या वेळात त्याच्या हिरड्यांना साखरेच्या पाण्याचे बोट लावले, तेवढेच. तोंड आतून कोमट लागले आणि ते बोट चोखू लागले, तेव्हा कुठे पाजायचा विचार केला.

दूधसुद्धा गायी-म्हशीचे नको. हे सांगितले की घरोघरी वाद होतो, आमच्याकडेही झाला. "आमच्या माहेरी सगळी मांजरे दुधावरच वाढली," असे सासूबाई म्हणाल्या, आणि ते खरेही असेल. पण ती आईला पिणारी, धडधाकट पिल्ले होती. आईविना, अशक्त पिल्लाला गायीच्या दुधाने जुलाब होतात, आणि १४० ग्रॅमच्या जिवाला एका दिवसाचे जुलाब पुरे होतात. मांजराच्या पिल्लांसाठी वेगळी दूधपावडर येते. जनावरांच्या डॉक्टरांकडे किंवा पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळते. सुई काढलेल्या सिरिंजने थेंब थेंब द्यायची. पाजताना पिल्लू पोटावर, चार पायांवर टेकलेले हवे. आपण तान्ह्या बाळाला धरतो तसे उताणे धरले की दूध श्वासनलिकेत जाते आणि न्यूमोनिया होतो. या वयाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा.

आणि एक गोष्ट, जी सांगताना लोक लाजतात. इतके लहान पिल्लू आपली आपण लघवी करू शकत नाही. आई चाटते तेव्हा ती होते. आई नसेल तर आपण कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने, प्रत्येक वेळी पाजल्यावर, हलकेच पुसायचे. साधारण तीन आठवड्यांपर्यंत हे करावे लागते. शिष्यांचे पाय धुतल्याच्या कथेवर आम्ही पवित्र गुरुवारी दरवर्षी प्रवचन ऐकतो. पहाटे तीनला कापूस आणि कोमट पाणी घेऊन बसताना ती कथा आम्हाला जरा वेगळी ऐकू आली.

बाकीचे थोडक्यात. रोज एकाच वेळी वजन करून लिहून ठेवावे. दिवसाला दहा-बारा ग्रॅमची वाढ चांगली, आणि एक दिवसही वजन घटले तर डॉक्टर गाठावा. हिरड्या गुलाबी हव्यात. पांढुरक्या दिसल्या तर बहुधा पिसवांनी रक्त शोषले आहे. पण कुत्र्यांचे पिसवांचे औषध मांजराला लावू नये. त्यातल्या पर्मेथ्रिनने मांजर मरते. तापाची पॅरासिटामॉलची गोळी तर चुकूनही नाही, एका गोळीनेही मोठे मांजर दगावते. घरात दुसरी मांजरे असतील तर नव्या पिल्लाला वेगळ्या खोलीत ठेवावे. हात साबणाने धुवावेत. नख किंवा दात लागून रक्त आले तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जावे. रेबीजच्या बाबतीत श्रद्धा आणि हलगर्जीपणा यांची गल्लत करू नये. आणि मुख्य म्हणजे, बेवारस दिसणारे प्रत्येक पिल्लू बेवारस नसते. पिल्लू गुबगुबीत आणि शांत असेल तर लांब उभे राहून काही तास वाट पाहावी. आई खायला शोधायला गेलेली असते. तिच्यासारखे आपल्याला कधीच जमणार नाही.

आता प्रांगणातल्या आक्षेपाकडे येतो. एक ज्येष्ठ काका म्हणाले, "माणसांना औषधाला पैसे नाहीत आणि आपण मांजराला पावडरचे दूध पाजतो." काकांचा आम्ही आदर करतो. व्हिन्सेंट द पॉल मंडळातून त्यांनी जितक्या घरांत धान्य पोहोचवले, तितक्या घरांची नावेही आम्हाला पाठ नाहीत. शिवाय त्यांच्या म्हणण्याला चर्चच्या शिकवणुकीचा आधार आहे. कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात, २४१८व्या परिच्छेदात, हेच बजावले आहे की माणसाचे दुःख दूर करण्यासाठी आधी खर्चायला हवा असा पैसा जनावरांवर खर्च करणे योग्य नाही, आणि फक्त माणसालाच देय असलेले प्रेम जनावराला देऊ नये. हा परिच्छेद आम्हाला मान्य आहे. कुत्र्याचा वाढदिवस केक कापून साजरा होतो आणि त्याच घरातल्या मोलकरणीला दिवाळीला-नाताळला जुनी साडी मिळते, हे आम्ही पाहिले आहे. त्याची चीड काकांना येते तशी आम्हालाही येते.

पण त्याच परिच्छेदाची सुरुवात वाचावी. जनावरांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे, असे तिथे आधी म्हटले आहे. त्याआधी, २४१६व्या परिच्छेदात, प्राण्यांशी दयेने वागणे हे आपले देणे आहे असे सांगून दोन संतांची आठवण केली आहे: असिसीचे संत फ्रान्सिस आणि संत फिलिप नेरी. फ्रान्सिस सर्वांना माहीत आहेत. फिलिप नेरींची गोष्ट आपल्याकडे कमी ऐकू येते. रोमच्या गल्ल्यांतून आजारी यात्रेकरू आणि गरीब मुले गोळा करणारा हा संत १५८३ साली सान जिरोलामो सोडून दुसऱ्या चर्चला राहायला गेला तेव्हा त्याचे मांजर जुन्या खोलीतच राहिले. चरित्रकार सांगतात की त्याला खायला घालायला तो रोज कोणाला तरी पाठवी, त्यात मोठे मोठे चर्चाधिकारीही असत, आणि परतल्यावर मांजर नीट जेवले का, याची चौकशी करी. त्यांचा गर्व उतरवायचा हा त्याचा खास उपाय होता असे म्हणतात. काहीही असो, मांजर मात्र उपाशी राहिले नाही. आणि या माणसाने रोमच्या गरिबांकडे दुर्लक्ष केले असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

खर्चाचेही बोलू. दूधपावडर हा यातला एकच मोठा खर्च, आणि तो आम्ही त्या महिन्याच्या मटणातून काढला. सिरिंज, कापूस, ओढणी यांचे काय पैसे? पिल्लाने खरोखर घेतली ती झोप. ती गरिबाच्या ताटातून काढलेली नव्हती; काढली असेल तर आमच्या मोबाइलच्या वेळातून. आणि एक निरीक्षण नोंदवतो, सिद्धांत म्हणून नव्हे. त्या मुलीचे आजोबा दम्याने अंथरुणाला खिळलेले आहेत, हे आम्हाला पिल्लू आणायला गेलो तेव्हाच कळले. त्यांच्यासाठी पेटीत चिठ्ठी कधी आली नव्हती. दोन गल्ल्या पलीकडे राहतात. आता दर रविवारी त्यांच्याकडे ख्रिस्तप्रसाद पोहोचतो.

पवित्र शास्त्रात मांजर जवळजवळ नाहीच. बारूखच्या पुस्तकातल्या सहाव्या अध्यायात मूर्तींवर येऊन बसणारी मांजरे आहेत, तीही कौतुकाने आलेली नाहीत. पण गरिबाच्या ताटातले खाणारी, त्याच्या कुशीत झोपणारी मेंढी नाथान संदेष्ट्याच्या दाखल्यात आहे, आणि ती कोणी हिरावून घेतली हे ऐकून दाविद राजाला संताप आला. योनाच्या पुस्तकाचा तर शेवटच निनवेच्या गुराढोरांच्या उल्लेखाने होतो. एक लाख वीस हजार माणसांची कीव करताना देवाने जनावरेही मोजली. आम्ही कोण ती गाळणारे?

हे सगळे लिहिताना पिल्लू वाचले म्हणून आमचा आवाज चढला आहे, असे कोणाला वाटू नये. मागच्या पावसाळ्यात एक आणले होते, त्याला ऊब दिली, पाजले, डॉक्टरांनाही दाखवले, आणि तिसऱ्या रात्री ते गेले. इतकी लहान पिल्ले पुष्कळदा जातात. मुलांनी विचारले की ते स्वर्गात गेले का. "हो" म्हणून विषय संपवणे सोपे होते. आम्ही म्हणालो की चर्चने यावर ठाम काही सांगितलेले नाही, पण सारी सृष्टी सुटकेची वाट पाहत कण्हत आहे असे संत पौलाने रोमकरांना लिहिले आहे, आणि त्या सृष्टीत हेही होते. मग पेरूच्या झाडाखाली खड्डा खणला. मुलांनी आपण होऊन "हे आमच्या स्वर्गातील बापा" म्हटले. आम्ही थांबवले नाही.

यंदाचे पिल्लू परवा ३९० ग्रॅम भरले. आता मऊ खाणे चाटते, पडद्यावर चढते, आणि पुढच्या महिन्यात त्याची पहिली लस आहे. गरम पाण्याची बाटली, काटा आणि न वापरलेल्या चार सिरिंजा आमच्याकडे आहेत. कोणाला लागल्या तर रात्री कितीही वाजता दार वाजवावे. आणि चिठ्ठी पेटीत टाकायची असेल तर जरूर टाकावी, बुधवारी वाचली जाईल.