‘निरंक’ आणि कोरा रकाना

आपल्याकडील सरकारी कचेऱ्यांत ‘निरंक’ हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. मागविलेल्या माहितीपैकी एखाद्या बाबीची संख्या खरोखरच शून्य असेल, तर कारकून त्या रकान्यात ‘निरंक’ असे लिहितो. रकाना कोरा राहिला, तर वरिष्ठ तो कागद अपूर्ण म्हणून परत पाठवितात. या दोहोंतील भेद वरवर क्षुल्लक वाटेल. वस्तुतः तो ज्ञान आणि अज्ञान यांच्यातील भेद आहे. गावात विहीर नाही हे माहीत असणे वेगळे, आणि गावात विहीर आहे की नाही हेच माहीत नसणे वेगळे. अंगठी शाईच्या काळात शिपायालाही कळत असलेला हा भेद संगणकाच्या युगात मात्र झपाट्याने पुसला जात आहे. अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने त्याकडे काणाडोळा करणे योग्य होणार नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आज पदवीच्या वर्गातील विद्यार्थी आपल्या प्रकल्पासाठी जिल्ह्याची, तालुक्याची, गावाची माहिती ग्रंथालयात शोधण्याऐवजी महाजालावरील माहितीसाठ्यांकडून मागवितो. यात गैर काहीच नाही. किंबहुना कसालसारख्या, महामार्गावरून मालवणची वाट जेथे फुटते अशा गावातल्या विद्यार्थ्याला मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याइतकीच माहिती त्याच क्षणी उपलब्ध व्हावी, ही समतेच्या दृष्टीने मोठीच गोष्ट आहे. प्रश्न आहे तो आलेले उत्तर हाताळण्याचा.

वाक्यांचे जाळे

२००१ च्या मे महिन्यात ‘सायंटिफिक अमेरिकन’ या नियतकालिकात टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांनी ‘सिमँटिक वेब’ची, म्हणजे अर्थ जाणणाऱ्या जाळ्याची कल्पना विस्ताराने मांडली. माणसाला वाचता येतील अशी पाने महाजालावर होतीच. यंत्रालाही अर्थ लावता येईल अशा रूपात माहिती ठेवावी, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी प्रत्येक माहिती तीन पदांच्या लहान वाक्यात मांडतात. ‘कसाल – तालुका – कुडाळ’ हे असे एक वाक्य; ‘कुडाळ – जिल्हा – सिंधुदुर्ग’ हे दुसरे. एका वाक्याचे शेवटचे पद दुसऱ्या वाक्याचे पहिले पद होते आणि वाक्यांचे जाळे विणले जाते. या जाळ्याला प्रश्न विचारण्यासाठी ‘स्पार्कल’ नावाची भाषा २००८ मध्ये प्रमाणित झाली व २०१३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. विकिपीडियाच्या कुटुंबातील ‘विकिडेटा’ हा २०१२ साली सुरू झालेला साठा याच पद्धतीने प्रश्नांची उत्तरे देतो.

या साठ्यात प्रत्येक वस्तूला एक क्रमांक असतो. आपल्या सातबाऱ्याशी ताडून पाहिले म्हणजे त्याचे मर्म लगेच कळते. जमिनीचा मालक बदलतो, वारस लागतात. सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर यांवरूनच जमीन ओळखली जाते. नावावर विसंबून चालत नाही. कुडाळ आपल्या जिल्ह्यात आहे, तसे सातारा जिल्ह्याच्या जावळी तालुक्यातही आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. इतकेच काय, ‘वऱ्हाड’ हा एकच शब्द संगणकात दोन वेगवेगळ्या अक्षरसंकेतांनी टंकित करता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन भिन्न शब्द असतात. तेव्हा दोन याद्या जुळवायच्या त्या क्रमांकावरून, नावावरून नव्हे, हा पहिला धडा होय.

जाळ्याचा तक्ता होताना

येथपर्यंत सारे ठीक आहे. अडचण सुरू होते ती उत्तर परत येते तेव्हा. साठा जाळ्याच्या रूपात असतो, आणि विद्यार्थ्याला हवा असतो तक्ता. त्यामुळे पायथनसारख्या भाषेतील प्रोग्रॅम ते उत्तर घेतो आणि त्याचे रकाने पाडतो. सामान्यतः हे उत्तर ‘जेसन’ नावाच्या मांडणीत येते. त्याच्या मस्तकी विचारलेल्या रकान्यांची नावे असतात आणि खाली एकेक ओळ. ओळीतील प्रत्येक मूल्य जणू लिफाफ्यात घातलेले असते. आत मजकूर, आणि लिफाफ्यावर तो पत्ता आहे की शब्द, शब्द असल्यास कोणत्या भाषेतला, आकडा असल्यास कोणत्या जातीचा, याची नोंद. घाईत असलेला विद्यार्थी लिफाफा फाडून फेकतो आणि आतला मजकूर तेवढा ठेवतो. सारे अनर्थ येथून उद्भवतात.

पहिला अनर्थ लहान आहे. आतला आकडाही अक्षरांच्या रूपातच येतो. त्याचे संख्येत रूपांतर केले नाही, तर यंत्र तो शब्दकोशाच्या क्रमाने लावते आणि १० हा आकडा ९ च्या आधी येऊन बसतो. अशी चूक निदान डोळ्यांना खुपते, म्हणून ती सुधारते.

दुसरा अनर्थ कोऱ्या रकान्याचा. एखाद्या गावाची एखादी माहिती साठ्यात नसेल, तर त्या ओळीत तो रकाना येतच नाही. तक्ता करताना तेथे रिकामी जागा राहते, आणि ती डोळ्यांना बरी दिसत नाही म्हणून कोणीतरी तेथे शून्य भरतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पाच गावांपैकी तीन गावांत ४, ६ आणि ८ विहिरी नोंदल्या आहेत व दोन गावांची नोंदच नाही. नोंद असलेल्या गावांची सरासरी ६ येते. कोऱ्या जागी शून्य भरताच ती ३.६ होते. दोन गावांच्या विहिरी एका क्षणात बुजविल्या गेल्या, आणि फावडे कोणीच उचलले नाही! पायथनमधील ‘पँडाज’ या प्रसिद्ध साधनसंचाला तर सर्व जागा कोऱ्या असलेल्या स्तंभाची बेरीज विचारली, तर तो विनातक्रार शून्य असे उत्तर देतो.

विकिडेटाच्या रचनाकारांनी हा भेद मुळात ओळखला होता, हे सांगितले पाहिजे. ‘मूल्य नाही’ आणि ‘मूल्य अज्ञात’ अशा दोन स्वतंत्र नोंदी तेथे करता येतात; म्हणजे आपला ‘निरंक’ तेथेही आहे. परंतु नेहमीच्या सोप्या पद्धतीने प्रश्न विचारला, तर ‘मूल्य नाही’ ही नोंद उत्तरात येत नाही. ती मुद्दाम वेगळी विचारावी लागते. लिहिणाऱ्याने ‘निरंक’ लिहिले, आणि वाचणाऱ्याला मात्र कोरा रकाना मिळाला, असा हा प्रकार आहे.

गळालेल्या आणि दुणावलेल्या ओळी

तिसरा अनर्थ याहून घातक, कारण तो दिसतच नाही. विद्यार्थी गावांची मराठी नावे मागतो. ज्या गावाचे मराठी नाव साठ्यात कोणी नोंदविलेले नाही, ते गाव, प्रश्नात ‘नाव असल्यास द्यावे’ अशी सवलत ठेवली नसेल तर, यादीतून समूळ वगळले जाते. कोरा रकाना निदान डोळ्यांपुढे असतो. गळालेली ओळ कोणाला दिसणार? आणि नेमकी कोणती गावे गळतात? ज्यांच्याविषयी कोणी लिहिलेले नाही ती. म्हणजे बहुधा लहान, आडवळणाची, दुर्लक्षित. त्यामुळे उरलेल्या यादीवरून काढलेली सरासरी तालुक्याची न राहता तालुक्यातील नशीबवान गावांची होते.

चौथा अनर्थ याच्या उलट. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ८,६८,८२५ होती आणि २०११ मध्ये ८,४९,६५१. समजा, साठ्यात दोन्ही आकडे सारख्याच दर्जाने नोंदले आहेत. मग जिल्ह्याची लोकसंख्या विचारताच एकाऐवजी दोन ओळी येतील. बेरीज करणारा प्रोग्रॅम १७,१८,४७६ हा आकडा देईल. तो इतका अवास्तव आहे की कोणाच्याही लक्षात येईल. पण पहिली ओळ ठेवून बाकीच्या टाकणारा प्रोग्रॅम अधिक धोकादायक, कारण प्रश्नात क्रम सांगितला नसेल, तर पहिली ओळ कोणती येईल याची काहीच शाश्वती नसते. आणि टाकले काय जाते? त्या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या १९,१७४ ने घटली, ही गोष्ट. ज्या दशकात राज्याची लोकसंख्या वाढली, त्यात आमची घटली. मुंबईकडे गेलेली माणसे, बंद घरे, पडीक जमिनी या साऱ्यांचा अर्थशास्त्रीय पुरावा त्या दोन ओळींच्या अंतरात आहे. तक्ता सुटसुटीत करण्याच्या नादात तोच नाहीसा व्हावा, हे दुर्दैव नव्हे काय?

काळाचे भान सुटले की आकडा कसा फसवितो, याचे आणखी एक उदाहरण ठाणे जिल्ह्याचे. २०११ मध्ये त्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती व घनता दर चौरस किलोमीटरला १,१५७. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा त्यातून वेगळा झाला. आता २०११ ची लोकसंख्या घेऊन तिला आजच्या ठाण्याच्या क्षेत्रफळाने भागणाऱ्या प्रोग्रॅमला दुपटीहून अधिक घनता मिळेल. दोन्ही आकडे स्वतंत्रपणे खरे; भागाकार मात्र खोटा. आपला सिंधुदुर्ग जिल्हाही १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून निघाला. त्याआधीच्या काळाची तुलना करणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेच पाहिजे. साठ्यात आकड्यासोबत त्याची तारीख जोडून ठेवण्याची सोय आहे. सातबाऱ्यावरील नावामागे जसा फेरफाराचा क्रमांक असतो, तशीच ती. परंतु तलाठ्याकडे फेरफार मुद्दाम मागावा लागतो, तशी ही तारीखही मुद्दाम मागावी लागते.

दोन आक्षेप

यावर कोणी म्हणेल, की ही सारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची डोकेदुखी आहे, अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाचा येथे काय संबंध? संबंध असा, की आकड्याचे संख्येत रूपांतर करणे हे तांत्रिक काम आहे, आणि ते तयार साधने उत्तम करतात. कोरा रकाना शून्य मानावा, वगळावा की तसाच ठेवावा, हा निर्णय मात्र तांत्रिक नव्हे. त्या माहितीचा अर्थ ज्याला कळतो त्यानेच तो घेतला पाहिजे. पुण्याच्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी आर्थिक पाहण्यांची जी परंपरा घातली, तिचे सारच हे होते, की आकडा कोठून व कसा आला हे ठाऊक असल्यावाचून त्याच्यावरून निष्कर्ष काढू नये. साधन बदलले म्हणून हा दंडक बदलत नाही.

दुसरा आक्षेप असा, की ज्या साठ्यात कोणीही भर घालू शकतो, तो मुळातच अपुरा. मग त्याच्या उत्तरांची एवढी चिकित्सा कशाला? परंतु अपुरी नसलेली माहिती आहे तरी कोठे? २०२१ ची जनगणना वेळेवर होऊ शकली नाही, आणि आपण अद्याप २०११ च्या आकड्यांवर गुजराण करीत आहोत. अपुरेपणा हा दोष खरा. पण किती अपुरे हे सांगितले, तर अपुरी माहितीही उपयोगी पडते. अपुरेपणा लपविला, तर पुरीशी दिसणारी माहितीही घात करते.

काय करावे

उपाय खर्चाचे नाहीत. आमची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाने अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात अशा उत्तरांच्या वाचनाचे एक लहानसे प्रात्यक्षिक घालावे. प्रत्येक प्रकल्पाच्या आरंभी विद्यार्थ्याने चार गोष्टी लिहाव्यात: किती गावे अपेक्षित होती, किती ओळी आल्या, किती रकाने कोरे राहिले व त्यांचे काय केले, आणि प्रत्येक आकडा कोणत्या वर्षाचा. या चार ओळी नसतील, तर प्रकल्प तपासू नये. शासकीय खात्यांनी आपली माहिती प्रसिद्ध करताना गावाच्या नावाबरोबर त्याचा जनगणनेतील संकेतांक न चुकता द्यावा, आणि ‘निरंक’ व ‘माहिती प्राप्त नाही’ यांसाठी दोन वेगळी चिन्हे वापरावीत. कचेरीत जे कागदावर पाळले जात होते, तेच पडद्यावर पाळायचे आहे.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. आपल्या गावाचे, वाडीचे शुद्ध मराठी नाव साठ्यात नोंदविण्यास पाच मिनिटे लागतात. एका शाळेने आपल्या पंचक्रोशीतील गावे तपासून घेतली, तर पुढे कोणी तालुक्याची यादी मागविली असता त्यातील एकही गाव भाषेच्या अभावी गळणार नाही.

आकड्यांवर धोरणे ठरतात, आणि धोरणांवर रस्ते, शाळा, पाणी ठरते. ज्या गावाच्या रकान्यात काहीच लिहिलेले नाही, त्याला शून्य समजून पुढे जाणे सोपे आहे. तेथे जाऊन विचारणे कठीण. यंत्र विचारायला जाणार नाही. ते काम माणसाचेच होते, आणि पुढेही माणसाचेच राहणार आहे.