रापणवाल्यांना दोष देऊ नका



मालवणच्या मासळीवरचे गेल्या अंकातील पत्र वाचले. किनाऱ्यालगत बांगडा-तारली कमी झाली ती रापणकरांच्या जुनाट पद्धतीमुळे, हे पत्रलेखकाचे म्हणणे मला मान्य नाही. असोद्याच्या माणसाला समुद्राचे काय, असे कुणी विचारील. माझी लेक मालवणला दिली आहे. पंधरा वर्षे मी तिथली रापण ओढली जाताना पाहतो आहे.

रापणीत होडी जाळे घेऊन अर्धगोल फिरते, दोन्ही दोर किनाऱ्यावर येतात आणि बायाबापड्यांसह सगळा वाडा ते ओढतो. रापण मासळीचा पाठलाग करूच शकत नाही. थवा किनाऱ्याजवळ आला तरच पोट भरते. पर्ससीन नौका मात्र तो थवा बाहेरच घेरून उचलते. म्हणूनच २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले, हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला. हे पत्रलेखकाने सांगायला हवे होते.

पाणी तापते आहे, हे त्यांचे म्हणणे खरे. तारली तापमानाला फार हळवी. पण म्हणून तर उरलेली पिल्ले जपायला हवीत! २०२३ मध्ये राज्याने माशांच्या ५४ जातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवले. आमच्या बाजारात मात्र बोटाएवढ्या मासळीची सुकट अजूनही येते. मी ती घेणे बंद केले आहे.

– एक वाचक, असोदा (जि. जळगाव)