खटक्यावर नाव हवेच

‘घोस्टबस्टर्स’ (१९८४) या चित्रपटातील लांबलचक पांढरी गाडी विद्यार्थी मित्रांना आठवत असेल. ती १९५९ सालची कॅडिलॅक. ओहायो राज्यातील मिलर-मीटिअर कंपनीने बांधलेली. अशा जुन्या रुग्णवाहिका अमेरिकेतील शौकीन मंडळी आजही जतन करतात. गाडी हाती आली की पहिले कोडे पडते ते चालकापुढच्या खटक्यांचे. नावे पुसलेली, कोणता कशाचा, कसे ओळखावे?

ते सोडवण्याची रीत शिकण्यासारखी आहे. आधी बॅटरीची जोडणी काढायची. मग एकेका खटक्यामागच्या तारेचा शेवटपर्यंत माग घ्यायचा. बारीक तार दिव्याची, जाड केबल बहुधा भोंग्याची. त्या काळचा भोंगा विजेच्या मोटरवर फिरे. फेडरल कंपनीच्या मोठ्या भोंग्याला सुमारे १०० अँपिअर प्रवाह लागतो. खटका सोडला तरी त्याचे चाक फिरतच राहते, म्हणून त्याला ब्रेकचे निराळे बटण असते. जे उमगले ते लगेच चिठ्ठीवर लिहून तेथेच चिकटवायचे.

मूळच्या चालकाला हे सारे तोंडपाठ असणार. पण तो गेला आणि माहितीही गेली. तेव्हा तेथे सर्वांना लागू असा नियमच नव्हता. १९६६ च्या एका राष्ट्रीय अहवालानुसार जवळपास निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यविधीचा व्यवसाय करणारेच चालवीत. केंद्र सरकारने रुग्णवाहिकेचे मानक ठरवले ते १९७४ मध्ये.

आमचे मत असे, की संकटकाळी लागणारी वस्तू अनोळखी माणसालाही क्षणात ओळखता आली पाहिजे. आपल्या हैदराबादेत १५ ऑगस्ट २००५ रोजी १०८ ही सेवा सुरू झाली. तिचे मोठे बळ हेच, की तो आकडा लहान मुलालाही पाठ होतो.

आता शाळेकडे पाहू. मेन स्विच कोणता, हे शिपाईमामांना ठाऊक असते. ते रजेवर असतील त्या दिवशी काय? विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे, की मेन स्विच, आग विझवण्याचे नळकांडे व प्रथमोपचार पेटी यांवर मराठी, तेलुगू व इंग्रजीत ठळक पाट्या लावाव्यात. विजेचे काम जाणणाऱ्या पालकांनी खटके तपासून द्यावेत. विद्यार्थ्यांनी कशालाही हात न लावता प्रत्येक मजल्याचा नकाशा काढावा. खर्च थोडा आहे. गरज पडेल तेव्हा मात्र शोधायला वेळ नसेल.