आधी पडद्यावर, मग साच्यात

केळीच्या बागेत पसरलेली ठिबकची नळी पाहून तीत काही विशेष असेल असे वाटत नाही. परंतु आतला ड्रिपर कापून पाहिला, तर त्यात एक अरुंद नागमोडी वाट आढळते. तिच्या वळणांवर आदळत पाण्याचा जोर ओसरतो आणि मुळाशी केवळ थेंब पडतो. जळगावची केळी आणि भवरलाल जैन यांनी तेथेच उभारलेला ठिबक संचांचा उद्योग, या दोहोंमुळे ही क्षुल्लक वस्तू खानदेशच्या अर्थकारणाचा भाग झाली आहे.

ड्रिपर प्लॅस्टिकचा असला, तरी त्याचा साचा पोलादाचा असतो. तो एकदा कोरला की चूक सुधारणे फार खर्चाचे पडते. म्हणूनच वस्तू आधी संगणकावर उभी करावयाची, तिच्यातून पाणी कसे वाहील याचे गणित मांडावयाचे आणि मगच पोलादाला हात घालावयाचा, ही रीत आज जगभर रूढ आहे. १९६३ साली आयव्हन सदरलँड यांनी अमेरिकेत संगणकाच्या पडद्यावर रेखाटन करून दाखविले. १९९४ साली प्रथम उडालेले बोइंग ७७७ हे विमान तर संपूर्णपणे संगणकावरच रेखाटले गेले. आपल्याकडेही विचार नवा नाही. १९१६ साली स्थापन झालेल्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात धरणांच्या लहान प्रतिकृतींतून पाणी सोडून पाहतात. त्यांच्या जोडीला आता गणिती प्रतिमानेही आली आहेत.

मात्र पडद्यावरचे पाणी सांगाल तेवढेच असते. विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, कालव्याच्या पाण्यात गाळ. त्यांनी ड्रिपरची वाट तुंबते आणि शेतकऱ्याला आम्ल सोडून नळ्या धुवाव्या लागतात. क्षार किती, गाळाचा कण केवढा, ही मापे शेतातूनच आणावी लागतात. ती न देता केलेले प्रतिमान देखणे असेल; उपयोगाचे असेलच असे नाही.

ही मापे आणणार कोण? रावेर-यावलच्या बागांत किंवा शिरपूर-साक्रीच्या शिवारात वाढलेला आणि धुळे-जळगावात अभियांत्रिकी शिकणारा विद्यार्थी यास सर्वांत योग्य होय. उत्तर महाराष्ट्रासाठी १९९० साली जळगावात स्वतंत्र विद्यापीठ झाले, ते या प्रदेशाच्या गरजा ओळखण्यासाठीच. संगणकीय रेखाटन जर परीक्षेतील नट-बोल्टाच्या आकृतीपुरते राहिले, तर हा विद्यार्थी पुण्या-मुंबईस जाऊन दुसऱ्यांच्या आकृत्या गिरवील आणि येथील कारखाने बाहेरून आलेल्या आराखड्यांवर साचे ओतीत राहतील.

खर्चाची सबब येथे टिकणारी नाही, कारण अशा कामाच्या विनामूल्य संगणक प्रणाली आज उपलब्ध आहेत. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक गटाने आपल्या तालुक्यातील एका विहिरीचे पाणी तपासावे, एका ड्रिपरचे प्रतिमान करावे आणि दोन्ही एका हंगामात शेतावर पडताळून पाहावीत. प्राध्यापकांनी गुण द्यावेत ते या पडताळ्याला. आकृतीच्या रंगांना नव्हे.