दुसरी यादी

ऑगस्ट २०२१ मध्ये हरियाणातल्या सिरसा शहरात ८६ वर्षांचे एक गृहस्थ दहावीच्या इंग्रजीचा पेपर द्यायला बसले. सोबत लेखनिक होता. शंभरापैकी ८८ गुण मिळाले. आमच्या स्टाफरूममध्ये तेव्हा एक सर म्हणाले, "ही गोष्ट वर्गात सांगायला हवी. शिकायला वय नसतं!"

आम्ही गप्प राहिलो. कारण ते गृहस्थ होते ओमप्रकाश चौटाला. उपपंतप्रधान देवीलाल यांचे चिरंजीव, अनेकदा आमदार, हरियाणाचे मुख्यमंत्री. शाळा लहानपणीच सुटलेली. पुन्हा पुस्तक हाती घेतले ते तिहार तुरुंगात, आणि तिहारला ते गेले होते शिक्षकांच्याच भरतीपायी.

१९९९-२००० मध्ये त्यांच्या सरकारने ३२०६ प्राथमिक शिक्षकांच्या जागा भरल्या. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या निवड समित्यांनी मुलाखती घेतल्या, याद्या तयार झाल्या. मग त्या याद्या बाजूला ठेवून दुसऱ्या केल्या गेल्या. मुलाखतीचे गुण बदलले, खालची नावे वर आली, वरची खाली गेली. प्राथमिक शिक्षण विभागाचे संचालक संजीव कुमार हे प्रकरण घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले, तपास सीबीआयकडे आला. जानेवारी २०१३ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने ५५ जणांना दोषी ठरवले. चौटाला आणि त्यांचे चिरंजीव अजय यांना दहा-दहा वर्षे. संजीव कुमारही सुटले नाहीत, त्यांनाही दहा वर्षेच. २०१५ मध्ये वरच्या न्यायालयांनीही शिक्षा कायम केली.

पुढाऱ्यांचे ठीक आहे, त्यांच्याबद्दल वर्तमानपत्रे भरभरून लिहितात. आमचे मन अडकते ते बाकीच्या नावांपाशी. त्या ५५ जणांत निवड समित्यांवरची माणसे होती, शिक्षण खात्यातली. त्यांनी आयुष्यभर मुलांच्या उत्तरपत्रिकेत अर्धा गुण इकडचा तिकडे होऊ दिला नसेल. आणि एके दिवशी समोर दुसरी यादी आली, त्यांनी सही केली. बदलीची भीती होती की आणखी काही, अल्लाह जाणे. पेन मात्र त्यांच्याच हातात होते.

आम्ही बीएड करून निघालो तेव्हा एका संस्थेने आमच्या अब्बांना 'इमारत निधी' सांगितला होता. आकडा ऐकून अब्बा चहा न घेता उठले. अम्मीचा प्रश्न वेगळाच होता. पैसे भरून मिळालेल्या नोकरीचा पगार हलाल कसा म्हणायचा? तीन वर्षे आम्ही तासिका तत्त्वावर शिकवले. सोबतचा एकजण जमीन विकून लागला. त्याला आम्ही आजही दोष देऊ शकत नाही. त्याच्या घरी दोन बहिणी लग्नाच्या होत्या. (तो शिकवतोही छान.)

चौटाला जुलै २०२१ मध्ये सुटले, २०२२ मध्ये बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्यात पुन्हा शिक्षा झाली, डिसेंबर २०२४ मध्ये वारले. ८८ गुण खरे होते, त्यात आम्हाला शंका नाही.

त्या सरांना आम्ही एवढेच विचारले, पहिल्या यादीत जिचे नाव होते आणि दुसरीत नव्हते, ती मुलगी आता काय करत असेल? ते म्हणाले, "तिची गोष्ट कुठे छापून आली?" तेवढ्यात तासाची घंटा झाली. आठवी 'ब'वर आमचा उर्दूचा तास होता.