ही कार्डे विकायची नाहीत



नाताळाच्या तयारीच्या बैठकीत एक सूचना आली आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. तरुण संघाची मुले घरी लेटरप्रेसवर जी कार्डे छापतात, ती यंदा आनंदमेळ्याच्या स्टॉलवर विकावीत. शिवाय ‘सगळ्यांनी’ घ्यावीत म्हणून त्यांवर मराठी मजकूर नको, ख्रिस्ताचे नावही नको, नुसते इंग्रजीत ‘सीझन्स ग्रीटिंग्ज’ असावे. माझा याला विरोध आहे. बैठकीत दोनच मिनिटे मिळाली, म्हणून इथे लिहिते.

सूचना करणाऱ्यांपैकी कोणाच्या बोटांना कधी शाई लागलेली नाही, म्हणून आधी काम सांगते. शुभेच्छेचा मजकूर लिनोलियमवर कोरतात. तो उलटा कोरावा लागतो, आरशात दिसतो तसा. ‘ख्रिस्त’ मधली पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे असते, ती कोरताना उजवीकडे येते, आणि नवी मुले हमखास तिथेच चुकतात. मग पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने लिहून, कागद उलटा घालून, घासून अक्षरे उतरवायची. लिनो लाकडावर चिकटवून खिळ्यांच्या उंचीचा, म्हणजे साधारण २३ मिलिमीटर करायचा. खाली एका ओळीत शिशाचे खिळे जुळवायचे आणि सगळे चौकटीत घट्ट आवळायचे. शाईचा रोलर फिरवायचा, कार्ड ठेवायचे, दाबायचे, उचलून दोरीवर वाळत घालायचे. (शिसे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय कोणी बिस्किटाला हात लावायचा नाही, हे मी दर वर्षी ओरडून सांगते.)

त्या खिळ्यांच्या ओळीत काय असते? ज्याला कार्ड जाणार त्याचे नाव. प्रत्येक कार्डाला ती ओळ सोडवून नवे नाव जुळवायचे. अंथरुणाला खिळलेले, डायलिसिसवर असलेले, मुले परगावी गेल्यामुळे एकटे राहिलेले, ज्यांना रविवारी उपासनेला येता येत नाही, त्यांची ही नावे. माझा पहिला मुद्दा अगदी व्यावहारिक आहे. नाव छापलेले कार्ड दुसऱ्याला विकता येत नाही. विकायचे ठरले की सगळ्यात आधी नावाची ओळ जाईल. मग मराठी जाईल, मग ख्रिस्त. बैठकीत अगदी याच क्रमाने झाले, आणि तेही दहा मिनिटांत.

‘आता मराठी कार्ड कोण वाचतो?’ असेही विचारले गेले. गोव्यात छापखाना १५५६ मध्ये आला. फादर स्टीफन्स यांना आपली अक्षरे छापायची होती. १६०८ च्या पत्रात त्यांनी देशी अक्षरांचे साचे करून घेण्याची परवानगी मागितली. ते खिळे झालेच नाहीत, आणि १६१६ मध्ये राशोलला ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले ते मराठी भाषेत पण रोमन लिपीत. पुढे मुंबईत अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टॉमस ग्रॅहम यांनी मराठी खिळे घडवले, सुधारले. निर्णयसागरचे जावजी दादाजी लहानपणी त्याच छापखान्यात कामाला होते. म्हणजे ही अक्षरे शिशात उतरवण्यात आपल्या मंडळीच्या पूर्वजांचाही हात होता. स्टीफन्स यांना जे मागून मिळाले नाही, ते आपण भंगाराच्या भावात मिळूनही स्टॉलसाठी बाजूला ठेवणार?

कोणी म्हणेल, कार्ड ही मुळात विकायचीच वस्तू. खरे आहे. १८४३ मध्ये लंडनच्या हेन्री कोल यांनी नाताळाचे पहिले विक्रीचे कार्ड काढले. सुमारे हजार प्रती, किंमत एक शिलिंग. चित्रात मेजवानीला बसलेले कुटुंब होते, बाजूला गरिबांना अन्नवस्त्र देणारी माणसे होती, पण गव्हाणी नव्हती. इतक्या लोकांना हाताने पत्रे लिहायला कोल यांना सवड नव्हती, म्हणून ही सोय. ती सोय बाजारात भरपूर मिळते, आपण ती पुन्हा कशाला घडवायची?

पौलाकडेही लेखनिक होता. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात तर्तियस स्वतःचे नाव सांगून सलाम पाठवतो. तरी गलतीकरांस पत्राच्या शेवटी पौल लेखणी आपल्या हातात घेतो आणि अक्षरे केवढी मोठी झाली आहेत तेही सांगतो. मजकूर कोणीही उतरवून घेतला असता. शेवटच्या त्या ओळी त्याला स्वतःच्या हाताच्याच हव्या होत्या.

राहिला पैशाचा प्रश्न. छप्पर गळते, मलाही दिसते. त्यासाठी ऑफसेटवर हजार कार्डे छापून घ्या, एका दिवसात होतील, मी स्वतः स्टॉलवर बसून विकीन. महिला मंडळाचा फराळ आणि केक यांतून दर वर्षी जे मिळते, त्याच्या पासंगालाही ही हाताची कार्डे पुरणार नाहीत. आणि गिऱ्हाईक आले की फर्माईशही येईल. हल्ली कागदात खोल रुतलेला ठसा लोकांना आवडतो. जुने छापणारे पाठीमागे ठसा उमटला तर तो दोष मानत. तसे दाबत राहिलो तर हे मऊ खिळे झिजतील, आणि नवे ओतून देणारे आता शोधावे लागतात.

पुढच्या बैठकीत हा विषय मताला टाकावा असे मी पाळकसाहेबांना कळवले आहे. तोवर नावांची यादी चालूच आहे. तुमच्या गल्लीत कोणी घरात अडकून असेल, तर आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपर्यंत नाव, आडनाव आणि ते कसे लिहितात हे कागदावर स्पष्ट लिहून द्या. ‘ळ’चे खिळे आमच्याकडे चारच आहेत, त्यामुळे कांबळे आणि साळवे मंडळींनी जरा लवकर द्यावे.