रूळ ओलांडणारी माणसे कोण मोजणार?



गेल्या पौर्णिमेला वंदनेसाठी आम्ही विहाराकडे निघालो होतो. बाजार, शाळा, दवाखाना रुळांच्या एका बाजूला. वस्ती आणि विहार दुसऱ्या बाजूला. मधे मालगाडी उभी. पुलाचा रस्ता लांबचा. आमच्यापुढे एक आजी फुलांची पिशवी छातीशी धरून डब्याखालून वाकून पलीकडे गेल्या. त्यांच्यामागे शिकवणीची दोन पोरे. खोटे कशाला सांगा, आम्हीही तसेच गेलो. विहारात पोहोचलो तेव्हा छाती धडधडत होती. गाडी त्याच क्षणी हलली असती तर?

१९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार असे रूळ ओलांडणे गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरीही माणसे का ओलांडतात? डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ मध्ये सांगितले की देशात दरवर्षी सुमारे १५,००० माणसे अशी मरतात आणि त्यांतली सुमारे ६,००० मुंबईच्या उपनगरी मार्गांवर. इतकी माणसे हौसेने मरत नाहीत. त्यांना दुसरी वाट नसते.

वाट म्हणजे रुळांखालून पादचारी भुयारी मार्ग. मग तो होत का नाही? पैशाचा हिशेब पाहा. फाटकाच्या जागी पूल किंवा भुयारी मार्ग हवा असेल, तर दिवसभरात जाणाऱ्या गाड्यांचा आकडा रस्त्यावरच्या वाहनांच्या आकड्याने गुणतात. गुणाकार एक लाखावर गेला की खर्च रेल्वे आणि राज्य यांनी निम्मा-निम्मा उचलायचा, अशी वर्षानुवर्षांची पद्धत. या मोजणीत मोटार एक, बैलगाडीही एक, रिक्षा अर्धी. पायी चालणारा शून्य! डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली बाई शून्य, शाळेचे पोर शून्य. आकडा भरला नाही, की ज्याला मार्ग हवा त्याने सगळे पैसे रेल्वेकडे आगाऊ जमा करायचे. छोट्या नगरपालिकेच्या तिजोरीला ते झेपत नाही आणि फाईल कपाटात जाते.

जेथे ठरवले तेथे मात्र पैसा उभा राहिला. आपल्याच जिल्ह्यात उरणपर्यंत लोकल जानेवारी २०२४ मध्ये पोहोचली. त्या मार्गाचा ६७ टक्के खर्च सिडकोचा, ३३ टक्के रेल्वेचा. नव्या शहराला वाटणी करून रेल्वे देता येते, तर जुन्या गावातल्या पायवाटेला का नाही?

कामही अशक्य कोटीतले नाही. रुळांच्या कडेला काँक्रीटची मोठी चौकोनी पेटी ओततात. ती पक्की झाली की पुढची माती काढत, जॅक लावून ती भरावाखाली इंच-इंच सरकवतात. वरून गाड्या हळू चालवतात, बंद ठेवत नाहीत. रुळांखालचे काम रेल्वे स्वतः करते, दोन्हीकडचे रस्ते राज्याने किंवा नगरपालिकेने करायचे. पण आपल्या कोकणात पावसाचे चार महिने आणि खाडीची भरती विसरून बांधले, तर मार्ग नव्हे, तळे होईल. पाण्याचा निचरा, पंप, दिवे आणि रोजची झाडलोट कोणाकडे, हे आधीच कागदावर हवे. मार्ग सरळ असावा, या तोंडाशी उभे राहिल्यावर ते तोंड दिसावे, म्हणजे आपल्या लेकीबाळी रात्री निर्धास्त येतील. नुसत्या पायऱ्या नकोत, म्हातारी माणसे आणि अपंगांसाठी उतारही हवा.

हे रूळ आपल्या बापजाद्यांनीही सांभाळले आहेत. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी दाखवून दिले, की हा कामगार जन्मभर गँगमनच राहतो. त्याला पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरची कामे करावी लागत. ज्यांनी रूळ जपले, त्यांच्या नातवंडांनी डब्याखालून सरपटत जावे काय?

महाडची आठवण ठेवा. चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. पाणी मात्र २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर चालत गेले तेव्हा ओंजळीत आले. ठराव कागदावर राहतो, त्याला चालवावे लागते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक वस्तीतल्या मंडळाने आणि महिला मंडळाने एक दिवस सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत रुळांशी सुरक्षित अंतरावर वही घेऊन बसावे. बाया किती, मुले किती, म्हातारी किती, तासातासाने लिहावे. ती वही जोडून नगरपालिकेकडे ठराव मागावा, आणि ठरावाची प्रत घेऊन आमदार, खासदार व रेल्वेकडे जावे. खासदार निधीतून किमान १५ टक्के रकमेची कामे अनुसूचित जातींच्या वस्तीच्या भागात सुचवावीत असे त्या योजनेतच म्हटले आहे, आणि १९९० पासून बौद्धही त्या यादीत आहेत. हे त्यांना नम्रपणे, पण न विसरता सांगावे.

सरकारी हिशेबात पायी चालणारा शून्य असेल, तर आपल्या वहीत त्याला एक लिहू या. एक माणूस, एक मोल, हे आपल्याला बाबासाहेबांनीच शिकवले आहे.

पुढच्या पौर्णिमेला आम्ही पुलावरूनच जाणार आहोत, उशीर झाला तरी. त्या आजींनाही सोबत घेऊ.

जयभीम! नमो बुद्धाय!